ज्याच्या हाती ससा, तो पारधी?

अमेरिकेच्या आयोवा राज्यात एप्रिल २०१० मध्ये एका मनुष्याचा राहत्या घरी मृत्यू झाला. अनेक वर्षे तो अमली पदार्थांच्या आहारी गेलेला होता. अखेरच्या दिवशी त्याने गांजा ओढला, दुसऱ्याच्या चोरलेल्या ऑक्सिकोडोनच्या गोळ्या कुटून टोचून घेतल्या आणि बरेज नावाच्या विक्रेत्याकडून एक ग्रॅम हेरॉइन विकत घेऊन तेही टोचून घेतले. पहाटेच्या सुमारास तो मृतावस्थेत सापडला. त्याच्या शरीरात हेरॉइनचे अवशेष आढळले, तसेच ऑक्सिकोडोनचे आणि चिंताशामक गोळ्यांचे अंशही आढळले. विष एक नव्हते, अनेक होती. परंतु आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला तो एकटा बरेज.

खटल्यात वैद्यकीय तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या. हेरॉइनचा या मृत्यूला हातभार लागला, असे त्यांनी सांगितले. परंतु हेरॉइन घेतले नसते तर हा मनुष्य जगला असता काय, या प्रश्नाला त्यांच्यापैकी कोणालाही निश्चित होकार देता आला नाही. तरीही कनिष्ठ न्यायालयाने ज्यूरीला असे समजावून दिले की, हेरॉइन हे मृत्यूस साहाय्यभूत झालेले एक कारण असले तरी पुरेसे आहे. ज्यूरीने बरेजला दोषी ठरविले आणि त्याला २० वर्षांचा कारावास झाला. पुढे जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूला कारणीभूत ठरल्याबद्दलचा हा दोषनिर्णय एकमताने रद्द केला. हेरॉइन विकल्याचा गुन्हा कायम राहिला. मृत्यूचे ओझे तेवढे त्याच्या खांद्यावरून उतरले.

एका किरकोळ विक्रेत्याच्या सुटकेपुरता हा निकाल मर्यादित नाही. मृत्यू घडला की त्याचा जाब कोणाला विचारावयाचा, आणि जाब विचारताना त्या मनुष्याने काय केले एवढेच पाहावयाचे की त्याला काय कळत होते हेही पाहावयाचे, हा फौजदारी न्यायाचा गाभ्याचा प्रश्न त्यात गुंतलेला आहे. अमेरिकेने या प्रश्नाचा अर्धाच भाग सोडविला आहे. उरलेल्या अर्ध्या भागाकडे दुर्लक्ष केल्याने तेथे जे घडते आहे, त्यापासून इतर देशांनीही बोध घेण्यासारखा आहे.

शोकातून जन्मलेला कायदा

या कायद्याचा जन्म एका धक्कादायक घटनेतून झाला. मेरीलँड विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू लेन बायस याची १७ जून १९८६ रोजी बोस्टनच्या नामांकित व्यावसायिक संघाने निवड केली आणि अवघ्या दोन दिवसांनी, १९ जूनला, कोकेनमुळे त्याचा मृत्यू झाला. सारा देश हळहळला. नोव्हेंबरमधल्या निवडणुका तोंडावर आलेल्या होत्या. दोन्ही पक्षांत कठोरपणाची जणू अहमहमिका लागली आणि ऑक्टोबरअखेर अध्यक्ष रेगन यांची नव्या अमली पदार्थविरोधी कायद्यावर स्वाक्षरीही झाली. बायसला कोकेन पुरविल्याचा आरोप ज्या मित्रावर होता, त्याला मेरीलँडच्या ज्यूरीने १९८७ मध्ये निर्दोष सोडले; परंतु तोवर कायदा होऊन गेलेला होता.

या कायद्यातील शिक्षेचे गणित मुळातूनच पाहण्यासारखे आहे. थोड्या प्रमाणातील हेरॉइन किंवा कोकेन कोणी विकले किंवा दुसऱ्यास दिले, तर एरवी त्याला जास्तीत जास्त २० वर्षांची शिक्षा होऊ शकते. किमान शिक्षेचे बंधन न्यायाधीशावर नाही. मात्र त्या पदार्थाच्या सेवनातून मृत्यू ओढवला, तर किमान शिक्षाच २० वर्षांची होते आणि कमाल जन्मठेपेची. आधीची कमाल मर्यादा हीच नंतरची किमान मर्यादा! याच संघराज्याच्या कायद्यात बेदरकारपणे, पण हेतूशिवाय, कोणाचा जीव घेणाऱ्याला जास्तीत जास्त आठ वर्षांची शिक्षा सांगितलेली आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या फरकाचे विलक्षणपण अधिकच जाणवते. शिवाय हा कायदा लागू होण्यासाठी नफ्याची विक्री व्हावी लागते असेही नाही. एका व्यसनाधीन मित्राने दुसऱ्याला पुडी आणून दिली, तरी ते ‘वितरण’ ठरू शकते.

कारण कशास म्हणावे?

कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गाठ पडली, असे आपण म्हणतो. दोन घटना पाठोपाठ घडल्या म्हणून पहिली ही दुसरीचे कारण ठरत नाही, हे शहाणपण या म्हणीत आहे. न्यायालयापुढील प्रश्न याहून अवघड असतो. फांदी आधीच किडलेली आहे, वारा सुटलेला आहे, पाऊस कोसळतो आहे आणि त्यातच कावळा येऊन बसतो. कावळ्याचा भार अगदीच नगण्य होता असे नाही. पण तो बसला नसता तर फांदी टिकली असती काय? बरेज खटल्यात न्यायमूर्ती स्कालिया यांनी दिलेल्या निर्णयाचा मथितार्थ हाच होता. एखाद्या कृत्याचा ‘परिणाम म्हणून’ मृत्यू आला, असे कायदा म्हणतो तेव्हा ते कृत्य नसते तर मृत्यू आला नसता, एवढे तरी सिद्ध झालेच पाहिजे. हातभार लागला, शक्यता वाढली, असे म्हणून भागणार नाही.

याचा अर्थ अनेक कारणे एकत्र आली की प्रत्येकजण सुटला, असा मात्र नव्हे. गोणी आधीच काठोकाठ भरलेली असताना कोणी आणखी एक पायली धान्य कोंबले आणि गोणी उसवली, तर ती पायली हेही उसवण्याचे कारणच ठरते; कारण ती नसती तर शिवण टिकली असती. शरीरात आधीचे विष असले आणि त्यावर पडलेल्या नव्या मात्रेने प्राण गेला, तर ती मात्रा देणारा कारणीभूत ठरतोच. पण ती नसतानाही मृत्यू अटळ होता किंवा काय, हेच सांगता येत नसेल, तर त्या संशयाचा फायदा आरोपीला मिळाला पाहिजे.

सरकारी पक्षाचे म्हणणे अगदीच पोकळ होते असे नाही. व्यसनी माणसे बहुधा अनेक पदार्थ एकत्र घेतात. मग एवढी कडक कसोटी लावली तर कोणालाच जबाबदार धरता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायालयाचे उत्तर साधे व नेमके होते. प्रतिनिधिगृहांना सैल कसोटी हवी असेल तर त्यांनी तसे शब्द कायद्यात घालावेत; जे शब्द आहेत त्यांचा अर्थ आरोपीच्या विरुद्ध ताणता येणार नाही. ‘हातभार’ ही कसोटी एकदा मान्य केली, तर तिला शेवट कोठे? एक टक्का हातभार पुरेसा मानावयाचा की दहा टक्के? ज्या शब्दावर एखाद्याची २० वर्षे अवलंबून आहेत, तो शब्द असा निसरडा असून चालत नाही.

अनुत्तरित राहिलेला प्रश्न

बरेज खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आणखी एक प्रश्न होता. असा मृत्यू ओढवेल हे आरोपीला आगाऊ कळण्यासारखे असावे लागते काय? पहिल्याच प्रश्नावर निकाल लागल्यामुळे न्यायालयाने या दुसऱ्या प्रश्नाला हात घातला नाही. मधल्या श्रेणीच्या संघीय न्यायालयांनी मात्र त्याचे उत्तर नकारार्थी दिलेले आहे. मृत्यूची कल्पना असण्याची गरज नाही. पदार्थ बंदी असलेला आहे हे ठाऊक असताना तो जाणूनबुजून दिला आणि त्यामुळे मृत्यू आला, की किमान २० वर्षे.

गेल्या दशकात हा प्रश्न पूर्वीपेक्षा कितीतरी गंभीर झाला आहे. त्याचे कारण फेंटानिल. हे कृत्रिम वेदनाशामक हेरॉइनच्या सुमारे ५० पट जहाल आहे. त्याचे दोन मिलिग्रॅम, म्हणजे मिठाच्या काही कणांएवढी मात्रा, प्राण घेऊ शकते. अमेरिकेत अमली पदार्थांच्या अतिसेवनाने मरणाऱ्यांची संख्या २०२१, २०२२ आणि २०२३ या तिन्ही वर्षांत एक लाखाच्या वर होती. २०२४ मध्ये ती ८० हजारांच्या आसपास आली. पण तीही थोडी नव्हे. या मृत्यूंपैकी मोठा वाटा फेंटानिलचा आहे. फेंटानिल आढळले की कार्यकारणसंबंध सिद्ध करणे सोपे होते, कारण त्याची एवढीशी मात्राही एकटीने प्राण घेण्यास पुरते. म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये जो अडसर घातला, तो विषाच्या जहालपणानेच निखळून पडला.

येथे व्यापाराचा साधा नियम ध्यानात घ्यावयास हवा. भेसळ कोण करतो? माल तयार करणारा किंवा घाऊक व्यापारी. स्वस्तात जहालपणा आणि थोड्या आकारमानात जास्त पैसा, हा त्याचा हिशेब. साखळीच्या तळाशी असलेल्या विक्रेत्याकडे तराजू असला तरी प्रयोगशाळा नसते. पुष्कळदा तो स्वतःच व्यसनाधीन असतो आणि तीच पुडी अर्धी स्वतः घेत असतो. ज्याला मालातील विष ठाऊक आहे तो मृताच्या घरापासून शेकडो मैल दूर असतो. ज्याच्या हातून पुडी गेली तो अज्ञानी असतो, पण सापडतो. ‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’ हा व्यवहारातला न्याय कायद्याने जसाच्या तसा उचललेला दिसतो. मात्र व्यवहारात त्या म्हणीने फुकटचे श्रेय पदरात पडते. येथे पदरात पडतो तो कारावास.

यावर एक प्रतिवाद केला जातो आणि त्याची दखल घेणे आवश्यक आहे. हेरॉइन विकणाऱ्याला आपण साखरेची पुडी विकत नाही, हे ठाऊक असते. तो जाणूनबुजून दुसऱ्याच्या जिवाशी खेळतो. मग जीव गेला तर त्याने तक्रार का करावी? ज्या आईबापांच्या हाती मुलाचे कलेवर आले, त्यांना ‘विक्रेत्याला कल्पना नव्हती’ हे उत्तर कसे पटावे? त्यांचा टाहो खोटा नाही, आणि त्यांच्या मुलाला व्यसन होते म्हणून त्याच्या प्राणाचे मोल कमी होत नाही.

परंतु याच प्रतिवादाचा धागा पुढे नेला तर वेगळा निष्कर्ष निघतो. जिवाशी खेळ हाच गुन्हा असेल, तर तो खेळ खेळणाऱ्या प्रत्येकाला त्या खेळाच्या मानाने शिक्षा व्हावी. एकाच दिवशी एकाच गठ्ठ्यातील दोन पुड्या दोघांनी विकल्या; एका गिऱ्हाइकाच्या शेजारी कोणी जागे होते म्हणून तो वाचला, दुसरा एकटा होता म्हणून गेला. दोघा विक्रेत्यांची कृती तीच, ज्ञान तेच, लोभ तोच. एक वर्षा-दोन वर्षांनी बाहेर येतो. दुसऱ्याची उमर तुरुंगात जाते. परिणामाला कायद्याने काहीच किंमत देऊ नये असे कोणी म्हणत नाही. खून आणि खुनाचा प्रयत्न यांत सर्वत्र फरक केला जातो. पण तेथे हेतू दोन्हीकडे सिद्ध झालेला असतो. जेथे हेतूही नाही आणि ज्ञानही नाही, तेथे केवळ परिणामावर २० वर्षांची इमारत उभी करणे म्हणजे न्यायाला सोडतीचे रूप देणे होय.

इंग्लंड आणि स्कॉटलंड

इंग्लंडने याच प्रश्नाचा विचार निराळ्या बाजूने केला. १९९६ साली एका वसतिगृहात केनेडी नावाच्या इसमाने हेरॉइन भरलेली पिचकारी तयार करून दुसऱ्याच्या हाती दिली. त्याने ती स्वतः टोचून घेतली आणि थोड्या वेळात तो मरण पावला. केनेडीला मनुष्यवधाबद्दल शिक्षा झाली. प्रकरण अनेक वर्षे न्यायालयांच्या पायऱ्या चढत-उतरत राहिले आणि अखेर ऑक्टोबर २००७ मध्ये उमराव सभेने त्याला त्या आरोपातून मुक्त केले. प्रौढ, शुद्धीवर असलेल्या आणि आपण काय करतो आहोत हे जाणणाऱ्या मनुष्याने स्वतःच्या इच्छेने सुई टोचून घेतली, तर ते त्याचे कृत्य होय. पिचकारी देणाऱ्याने पुरवठ्याचा गुन्हा केला, पण त्याने विष टोचले असे म्हणता येणार नाही, हे त्या निर्णयाचे सार.

शेजारच्या स्कॉटलंडच्या वरिष्ठ न्यायालयाला हे पटले नाही. २००९ मध्ये त्या न्यायालयाने सांगितले की, मृताने स्वतः पदार्थ घेतला एवढ्यानेच पुरवठा करणाऱ्याची जबाबदारी आपोआप तुटत नाही. त्या त्या प्रकरणातील परिस्थिती पाहावी लागेल. व्यसनाने जखडलेल्या माणसाची ‘स्वतंत्र इच्छा’ ती कितीशी स्वतंत्र, हा स्कॉटिश भूमिकेमागे उभा राहणारा प्रश्न वजनदार आहे. एकाच राज्यछत्राखाली राहणारे दोन प्रदेश येथे वेगळ्या वाटेने गेले, यावरूनच प्रश्न किती अवघड आहे ते कळते. तथापि दोघांपैकी कोणीही तो २० वर्षांच्या ठोकळ शिक्षेने मिटविलेला नाही. शिक्षा किती, हे ठरविण्याचा अधिकार त्यांनी न्यायाधीशाच्या हाती ठेवला आहे.

त्याच २००९ सालचा आणखी एक इंग्रजी निर्णय येथे फार मोलाचा आहे. एका तरुणीने आपल्या सोळा वर्षांच्या सावत्र बहिणीला हेरॉइन आणून दिले. ते घेतल्यावर मुलगी अत्यवस्थ झाली. बहीण आणि आई दोघींनीही तिची लक्षणे ओळखली. परंतु आपण अडचणीत येऊ या भीतीने त्यांनी वैद्यकीय मदत बोलाविली नाही. तिला अंथरुणावर निजवून त्या रात्रभर तेथेच राहिल्या आणि सकाळी ती मेलेली आढळली. न्यायालयाने बहिणीला मनुष्यवधाबद्दल दोषी धरले. ज्याने धोका निर्माण केला आणि जीव धोक्यात आहे हे ज्याला कळले, त्याच्यावर तो जीव वाचविण्यासाठी शक्य ते करण्याचे कर्तव्य येते आणि ते घोर हयगयीने मोडले तर तो मृत्यूला जबाबदार ठरतो, असे ते तत्त्व आहे.

हे तत्त्व न्यायाला धरून आहे. येथे दोष ठरविला जातो तो आरोपीला खरोखर जे कळत होते आणि खरोखर जे करता येत होते, त्यावरून.

भीतीचा हिशेब

आता जरबेचा प्रश्न. कडक शिक्षेने विक्री थांबेल, अशी या कायद्यामागची अपेक्षा आहे. शिकागोचे अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६८ च्या प्रसिद्ध निबंधात गुन्ह्याचा विचार लाभ, पकडले जाण्याची शक्यता आणि शिक्षेचे प्रमाण यांच्या हिशेबाने केला. तो हिशेब येथे मांडून पाहावा. एखाद्या विक्रेत्याच्या शेकडो पुड्यांपैकी एखादीच प्राणघातक ठरते. ती कोणती, हे त्याला आधी ठाऊक नसते. मृत्यू झालाच तर तो आपल्यापर्यंत येऊन पोहोचेल, हीही शक्यताच. अशा दूरच्या, अनिश्चित शिक्षेचे भय आज संध्याकाळच्या पैशापुढे किंवा आज संध्याकाळच्या स्वतःच्या तलफेपुढे टिकत नाही. शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा तिची निश्चितता अधिक धाक घालते, हे इटलीच्या बेकारिया यांनी १७६४ मध्येच सांगून ठेवले आहे.

पण एक क्षण असा आहे की ज्या क्षणी ही शिक्षा अगदी जवळची आणि अगदी स्पष्ट असते. समोर मित्र निपचित पडला आहे, ओठ निळे पडत आहेत, श्वास थांबत चालला आहे. नॅलॉक्सोन नावाचे औषध वेळेवर मिळाले तर तो मिनिटांत शुद्धीवर येऊ शकतो. अमेरिकेत २०२३ पासून ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचूनही मिळू शकते. दूरध्वनी हाताशी आहे. पण पुडी ज्याने आणली त्याच्या मनात विचार येतो, बोलावलेली गाडी पोलिसांनाही घेऊन येईल आणि मित्र वाचला नाही तर आपली २० वर्षे जातील. विक्रीच्या वेळी जी भीती निष्प्रभ होती, ती नेमकी या क्षणी प्रभावी ठरते आणि नेमकी उलट्या दिशेने काम करते. बेकर यांचेच सहकारी जॉर्ज स्टिगलर यांनी १९७० मध्ये एक मार्मिक मुद्दा मांडला होता. लहान आणि मोठ्या गुन्ह्याला सारखीच शिक्षा ठेवली, तर लहान गुन्ह्यावर थांबण्याचे गुन्हेगाराला कारणच उरत नाही. मदत बोलावणाऱ्याला आणि दार ओढून घेऊन पळून जाणाऱ्याला कायदा एकच मापाने मोजणार असेल, तर पळणाऱ्यांची संख्या वाढली म्हणून आश्चर्य कशाचे?

अमेरिकेतील राज्यांना ही विसंगती अंशतः उमगली आहे. न्यू मेक्सिको राज्याने २००७ मध्ये, अतिसेवनाच्या प्रसंगी मदत बोलावणाऱ्यावर अमली पदार्थ बाळगल्याबद्दल खटला भरू नये, असा कायदा केला. पुढे बहुतेक राज्यांनी त्याचे अनुकरण केले. परंतु हे संरक्षण बहुधा बाळगण्यापुरते असते. मृत्यू घडविल्याच्या आरोपापासून ते सहसा संरक्षण देत नाही. म्हणजे अभय आहे ते लहान भयापासून. मोठे भय तसेच आहे.

आणखी एक गोष्ट अशी की, यातील बहुतेक खटले ज्यूरीपुढे जातच नाहीत. संघीय न्यायालयांतील दर शंभर दोषनिर्णयांपैकी ९७ आरोपीच्या कबुलीने होतात, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेच २०१२ मध्ये नमूद केले होते. २० वर्षांची टांगती तलवार डोक्यावर असताना कार्यकारणभावाची बारीक चर्चा करण्याचे धाडस किती आरोपी करतील? कबुली दे आणि दहा वर्षांवर सूट, अशी देवघेव होते आणि तज्ज्ञाची साक्ष न्यायालयापर्यंत पोहोचतच नाही.

मुंबईचा जुना धडा

भारतात १९८५ चा अमली पदार्थविषयक कायदा शिक्षा ठरवितो ती प्रामुख्याने जप्त मालाच्या प्रमाणावरून. मृत्यू झाल्यास शिक्षा आपोआप वाढविणारे अमेरिकेसारखे कलम त्यात नाही. मात्र आरोपीची दोषी मनःस्थिती गृहीत धरावी आणि ती नव्हती हे त्यानेच सिद्ध करावे, अशी तरतूद त्यात आहे. ज्या कायद्यात मन आधीच गृहीत धरलेले आहे, त्यात उद्या परिणामावर आधारलेली सक्तीची शिक्षा जोडली गेली तर काय होईल, याची कल्पना करणे कठीण नाही.

वास्तविक या विषयात मुंबईच्या न्यायालयाची परंपरा फार जुनी आहे. हयगयीने मृत्यू घडविल्याच्या आरोपासंबंधी १९०२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांनी असे तत्त्व सांगितले की, आरोपीचे कृत्य हे मृत्यूचे साक्षात आणि निकटचे कारण असले पाहिजे. ते नसते तर मृत्यू झाला नसता, एवढे दाखवून भागत नाही. म्हणजे अमेरिकेने २०१४ मध्ये जी पायरी गाठली, तिच्याही पुढची पायरी मुंबईने शतकापूर्वी ओलांडली होती. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व मुंबईच्या एका रंगाच्या कारखान्यातील आगीच्या खटल्यात लावले. परवान्याच्या अटी मोडून काम चालले होते. आगीत सात कामगार जळून मेले. पण आग भडकली ती तापलेल्या मिश्रणात एका कामगाराने घाईने टर्पेंटाइन ओतल्यामुळे. व्यवस्थापकाची आगीबाबतच्या हयगयीची शिक्षा न्यायालयाने कायम ठेवली आणि मृत्यूबद्दलची रद्द केली. जो दोष सिद्ध झाला त्याची शिक्षा द्यावी, जो झाला नाही त्याची देऊ नये, हा विवेक त्यात दिसतो.

याचा अर्थ आपला कायदा मृत्यू घडविणाऱ्यांपुढे हतबल आहे असे मुळीच नाही. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक गोरगरिबांचे प्राण घेतले. दारूत मिथेनॉल होते. २०२४ मध्ये सत्र न्यायालयाने चौघांना सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी धरले आणि दहा जणांना सोडले. निकालाला नऊ वर्षे लागावीत ही खंत आहेच. परंतु अशा खटल्यात चौदाही जणांना एकाच दोरीने न बांधता प्रत्येकाचा वाटा निरनिराळा तपासावा लागतो, ही गोष्ट न्यायाला भूषणावहच म्हटली पाहिजे. मिथेनॉल आहे हे जाणून जो ते पुरवितो किंवा विकतो, त्याला प्राण जातील हे ‘ज्ञान’ असते. त्या ज्ञानासाठी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत सदोष मनुष्यवधाचे कलम आहे, आणि ज्ञान नसले पण हयगय असली तर त्यासाठी वेगळे, पाच वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे कलम आहे. मनाच्या प्रत्येक अवस्थेसाठी वेगळी पायरी, ही रचना टिकविण्यासारखी आहे.

शिक्षेचे माप

तेव्हा अशा प्रकरणांत न्यायाधीशापुढे तीन प्रश्न असावेत. या मनुष्याच्या कृत्यावाचून मृत्यू टळला असता काय? आपण देतो आहोत ते प्राणघातक आहे, हे त्याला ठाऊक होते काय, किंवा निदान त्याने त्याकडे जाणूनबुजून डोळेझाक केली काय? आणि धोका समोर उभा राहिल्यावर त्याने काय केले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर मृत्यूचा भार त्याच्यावर टाकता कामा नये. पहिल्या दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर कठोर शिक्षेविषयी कोणी कुरकुर करण्याचे कारण नाही. आणि तिसऱ्याचे उत्तर ‘त्याने ताबडतोब मदत बोलाविली’ असे असेल, तर कायद्याने त्याची नोंद त्याच्या बाजूला केलीच पाहिजे.

हे आरोपीच्या सोयीसाठी सांगावयाचे नाही. मेलेल्याला कोणतीही शिक्षा परत आणत नाही. परंतु आज कोठेतरी एखाद्या खोलीत एक तरुण बेशुद्ध पडलेला असेल आणि त्याच्या उशाशी घाबरलेला दुसरा उभा असेल. त्या दुसऱ्याने दार उघडून पळावे की मदतीला हाक मारावी, हे काही अंशी आपण केलेल्या कायद्यावर अवलंबून असते. जो कायदा त्याला पळावयास लावतो, तो कितीही कडक असला तरी त्या तरुणाच्या उपयोगाचा नाही.